बाळाला उजेडात आण

आमच्या वॉर्डात नव्यानं आलेल्या एका सिस्टरनं परवा मला विचारलं, बाळ तपासायचं टेबल एवढं कोपऱ्यात, खिडकीला चिकटून का ठेवलंय? जाता-येता मांडीला लागतं. मी म्हटलं, "देसूरकर मॅडमनी ठेवलंय." ती म्हणाली, "कोण देसूरकर मॅडम?" तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मॅडमबरोबर काम केलेल्या आम्ही आता दोघी-तिघीच उरलोय. बाकीचे सगळे नवे. म्हणून हे लिहायला बसले.

निपाणीच्या आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात मॅडम बालरोगतज्ज्ञ होत्या. मूळच्या बेळगावच्या, खासबागेतल्या. आठवडाभर दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायच्या आणि रविवारी म्हाताऱ्या आईला भेटायला घरी जायच्या. लग्न केलं नव्हतं, का ते कुणी विचारलं नाही. बुटक्या, अंगानं जड, सुती साडी आणि तिच्यावर बटणं कधीच न लावलेला पांढरा कोट. चालताना एका पायावर जरा जास्त भार. समजावून सांगायचं असलं की मराठी बोलायच्या आणि चिडल्या की कानडी, त्यामुळे वॉर्डाच्या दारातूनच आम्हाला कळायचं आत काय चाललंय. चहा मागवायच्या, पण त्यावर साय धरल्याशिवाय तो कधी त्यांच्या तोंडाला लागला नाही. तंबाखूच्या वखारींकडून वारा आला की आमचा सगळा वॉर्ड शिंकत सुटायचा. त्याही शिंकायच्या आणि प्रत्येक शिंकेनंतर कपाळाला हात लावून क्षणभर तशाच बसायच्या, जणू पुढचं काम काय होतं ते आठवतायत.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. बाळ जन्मलं, पुसलं, रडलं, सगळं ठीक आहे असं आम्ही सांगितलं, की त्या म्हणायच्या, "बाळाला उजेडात आण."

मग खिडकीजवळच्या टेबलावर बाळ यायचं. मॅडम स्टेथोस्कोप तळहातात धरून गरम करायच्या, पण तो लगेच लावायच्या नाहीत. आधी नुसत्या बघत राहायच्या. छाती कशी हलते, नाकपुड्या फुलतात का. मग करंगळीनं ओठ हळूच खाली ओढायच्या. "जीभ बघू. दाखवा बघू जीभ." तान्ह्या बाळाला त्या अहो-जाहो करायच्या.

माझ्या पहिल्याच आठवड्यात मी एका बाळाचे निळसर तळपाय बघून धावत त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी बाळ बघितलं, दुपट्यात नीट गुंडाळलं आणि मला म्हणाल्या, "शोभा, पाय निळे दिसले म्हणून घाबरायचं नाही. पहिल्या दिवशी हातपाय गार असतात, निळे पडतात. ऊब दिली की येतो रंग. जीभ मात्र निळी असायलाच नको. जीभ निळी म्हणजे आतलं रक्तच निळं." मग म्हणाल्या, "आणि आपली पोरं सावळी. अंगावर दिसतच नाही ते. म्हणून जीभ बघायची."

दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती मला जास्त अवघड गेली. जे बाळ छाती ओढून, कण्हत श्वास घेतं, ते आपण कुणीही ओळखतो. त्याच्याकडे सगळे पळतात. पण काही बाळं निळी असतात आणि तरी शांत असतात. श्वास भरभर चालू असतो, पण धडपड नाही, कण्हणं नाही. "त्याची फुप्फुसं चांगली असतात गं," मॅडम सांगायच्या, "हवा आत जातीय. पण रक्त फुप्फुसाकडे नीट पोचत नाही, नाहीतर पोचलेलं अंगात येत नाही. अशा बाळाला ऑक्सिजन लावला तरी आकडा जागचा हलत नाही. निळं आणि गप बाळ दिसलं की मला हाक मार. मी जेवत असले तरी."

त्या जेवत असतानाच बहुतेक हाक मारायची वेळ यायची.

घरी सोडायच्या आधी प्रत्येक बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायचा, हा त्यांचा नियम. नातेवाईक वैतागायचे. खाली गाडी लावलेली असायची, सामान उचललेलं असायचं, आत्या कुंचीची नाडी बांधत असायची. "आता आनि काय ऱ्हायलंय, मॅडम? पोरगं चांगलं हाय की." मॅडम त्या आवाजाकडे मान वळवून बघायच्याही नाहीत. "चांगलंच असेल. बघून मग चांगलं म्हणू." बहुतेक बाळं चांगलीच असायची. हे त्यांनाही ठाऊक होतं. दिवसामागून दिवस चांगल्याच बाळांना चिमटे लावत राहायचं आणि तरी कंटाळा करायचा नाही, याचा एक वेगळाच शीण असतो. तो मला त्यांच्या खांद्यांत दिसायचा.

एकदा त्या चार दिवस रजेवर गेल्या, तेवढ्यात ट्रस्टींनी हौसेनं आमच्या वॉर्डाला रंग देऊन घेतला. आकाशी भिंती, निळे पडदे, छतावर ढग आणि एक अस्वल. दवाखान्यात कुणी पाहुणे यायचे होते. मॅडम परत आल्या, दारातच थबकल्या आणि कानडी सुरू झालं. ट्रस्टी स्वतः वर आले. त्यांना वाटलं होतं मॅडम खूश होतील.

"रंग सुरेख आहे," मॅडम त्यांना मराठीत म्हणाल्या, म्हणजे आता राग उतरला होता आणि फक्त थकवा उरला होता. "माझ्या घराला द्या. पण या भिंतींत सगळीच बाळं निळी दिसणार. त्यातलं खरं निळं मी कसं ओळखू?"

ट्रस्टी भला माणूस होता. त्यानं भिंती पुन्हा पांढऱ्या करून दिल्या, पडदे काढले. छतावरचं अस्वल तेवढं राहिलं, कारण रंगाऱ्याची शिडी दुसरीकडे गेली होती. मॅडम म्हणाल्या, "असू दे. वर कोण बघतंय."

सुवर्णाची गोष्ट त्यानंतरची.

सुवर्णा निपाणीचीच. लग्न होऊन कागलकडच्या एका खेड्यात गेलेली, म्हणजे आमच्या कर्नाटकाची हद्द ओलांडून महाराष्ट्रात. हाताला विड्या वळायची सवय, त्यामुळे नुसती बसली तरी बोटं हलत राहायची. दुसऱ्या बाळंतपणाला ती माहेरी आली होती. पहिलं बाळ सासरी झालं होतं आणि पाचव्या दिवशी गेलं होतं. ते तिच्या आईनं, पारवताक्कानं, आम्हाला नाव नोंदवतानाच सांगितलं होतं, आणि लगेच म्हणाली होती, "ते काय काढू नका तिच्याम्होरं."

मुलगी झाली. वजन चांगलं, रडली पण नीट. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिमटा लावला तर आकडा फार कमी. वाटलं, चिमटा सैल असेल. दुसऱ्या हाताला, पायाला, सगळीकडे लावून बघितला. मॅडमना हाक मारली. त्या पोह्यांची बशी तशीच ठेवून आल्या.

"उजेडात आण."

पारवताक्का मागोमाग आली. "रंग सावळाच हाय ओ तिचा. बापावर गेलीया."

मॅडमनी जीभ बघितली. पिकल्या जांभळासारखी होती. मुलगी टेबलावर शांत पडून होती, डोळे उघडे, श्वास भराभर. स्टेथोस्कोप लावून त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मी विचारलं, "ठोक्यात जादा आवाज आहे का?" त्यांनी मान हलवली, नाही. "असायलाच पाहिजे असं नसतं. काही वाईट दुखण्यांत हृदय अगदी सभ्यासारखं वाजतं." ऑक्सिजन लावला. आम्ही दोघी त्या आकड्याकडे बघत उभ्या राहिलो. तो हलला नाही.

तेवढ्यात सुवर्णा भिंतीला धरत धरत तिथवर आली होती. कुणी काही सांगायच्या आधीच ती म्हणाली, "पयलं बी असंच गप व्हतं, मॅडम. समदी म्हनायची, लई गुनाचं हाय, रडत न्हाय."

मॅडम स्टुलावर बसल्या. सुवर्णाला समोर बसवलं. तिचा नवरा मारुती. तो टेम्पो चालवायचा. त्याला खालून बोलावून घेतलं, आणि सगळ्यांना एकदम सांगितलं. "हृदयातनं दोन मोठ्या रक्तवाहिन्या निघतात. एक रक्त फुप्फुसाकडे नेते, एक अंगभर नेते. हिच्या त्या उलट्या जोडल्या गेल्यात असा मला संशय आहे. त्यामुळं शुद्ध रक्त फुप्फुसातच फिरतंय आणि निळं रक्त अंगातच फिरतंय. पोटात असताना दोन्हींमध्ये एक छोटी वाट असते. ती अजून थोडी उघडी आहे, म्हणून ही आपल्यासमोर आहे. जन्मल्यावर ती वाट आपोआप मिटत जाते. आज मिटेल, उद्या मिटेल. ती उघडी ठेवायचं औषध आपल्याकडे आहे. ते चालू करून बेळगावला न्यायचं, नक्की काय ते तिथं कळेल. ऑपरेशन लागणार."

मारुती म्हणाला, "जगंल काय?"

"इथं ठेवली तर नाही. नेली तर बहुतेक."

ते औषध फ्रिजमध्ये सांभाळावं लागतं, फार दिवस टिकत नाही, आणि वापरायची पाळी क्वचित येते. मुदत संपून ते टाकून द्यावं लागलं, की दर वेळी दवाखान्यात कुणीतरी कुरकुरायचं. मॅडम दर वेळी नवीन मागवायला लावायच्या. त्या दिवशी ते होतं.

अँब्युलन्समध्ये मॅडम, मी आणि मारुती. या औषधानं बाळाचा श्वास मधेच थांबू शकतो, म्हणून त्या स्वतः आल्या. तवंदीचा घाट चढत असतानाच तो थांबला. मुलगी नुसती स्तब्ध झाली, आवाज न करता, जशी आल्यापासून होती तशीच. मॅडमनी नाकातोंडावर मास्क बसवला आणि हातातली रबरी पिशवी दाबायला लागल्या. दाबायची, सोडायची. संकेश्वर गेलं, हत्तरगी गेलं. श्वास मधेच यायचा, पुन्हा जायचा. मी म्हटलं, "द्या मॅडम, मी घेते जरा." त्यांनी दिली, पण हात मास्कवरून काढला नाही. मारुती आमच्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत होता. 

बेळगावात मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली. मॅडमचा संशय खरा निघाला. पण आता दुसरंच सुरू झालं. मारुतीचं सरकारी योजनेचं कार्ड महाराष्ट्राचं, दवाखाना कर्नाटकातला. खिडकीवरचा माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या हातात काही नव्हतं. मॅडम एका बाकावर बसून फोनमागून फोन करत होत्या. मधेच फोन कानावरून काढून मला म्हणाल्या, "शोभा, पोरीचं काळीज कुठल्या राज्यात येतं, ते विचारतायत." आणि हसल्या. ते हसू बघून मलाच रडू आलं.

शेवटी हृदयातली वाट फुगा घालून मोठी करायचं काम त्याच दिवशी बेळगावात झालं, कारण ते थांबण्यासारखं नव्हतं आणि तिथल्या डॉक्टरांनी कागद मागाहून बघू म्हटलं. मोठं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात पुण्यात झालं, मारुतीच्या कार्डावर.

पुण्याला जायच्या आधी सुवर्णाला बेळगावात आणलं होतं. मॅडम तिला भेटायला गेल्या तेव्हा मी बरोबर होते. तिनं बोटं चाळवत विचारलं, "पयल्याला बी हेच आसंल का, मॅडम?"

"माहीत नाही, सुवर्णा. कुणी बघितलंच नाही, मग कसं कळणार?"

"सासूबाई म्हनत्यात, मी निजून पाजलं. दूध श्वासात गेलं. समदी तसंच म्हनत्यात."

मॅडमनी तिची हलणारी बोटं आपल्या मुठीत धरली. "तुझ्या दुधानं ते गेलेलं नाही. मी डॉक्टर आहे, मी सांगते. घरी कुणी म्हटलं तर मला फोन लावून दे."

 सुवर्णानं पदर तोंडाशी धरला आणि मोठ्यानं रडली. मला वाटतं, ते रडणं त्या पहिल्या बाळाचं होतं.

परत येताना मी मॅडमना विचारलं, "तुम्ही एवढ्या खात्रीनं कसं सांगितलंत?"

"खात्री कुठं आहे?" त्या म्हणाल्या. "पण बाकीच्यांनी तिला इतके दिवस खात्रीनंच सांगितलं ना?"

ती मुलगी, आराध्या, आता अंगणवाडीत जाते. एकदा सुवर्णा तिला घेऊन वॉर्डात आली होती. पेढे आणले होते. मॅडमनी पोरीला तपासलं, वजन कमी आहे म्हणून सुवर्णाला चार शब्द सुनावले, शेंगदाणे, अंडी, सगळं सांगितलं. ती गेल्यावर मॅडम दिसेनात. त्या सामानाच्या खोलीत सापडल्या, चादरींच्या गठ्ठ्यावर बसलेल्या, हातात तो पेढा तसाच. मी विचारलं, "बरं वाटत नाही का?" म्हणाल्या, "बरंच वाटतंय गं. जरा बसू दे."

सगळ्यांची गोष्ट आराध्यासारखी झाली नाही. वडगावच्या एका विणकराच्या घरी मॅडमबरोबर मी गेले होते, तो रविवार मला विसरता येत नाही. त्या घरातल्या सुनेचं माहेर निपाणीचं, म्हणून बाळ आमच्याकडे झालं होतं. मुलगा. त्याच्या हृदयाची एक बाजू जवळजवळ घडलेलीच नव्हती. बंगळूरला नेऊन दाखवलं. तिथं सांगितलं, एकामागून एक अशी ऑपरेशनं लागतील, काही वर्षांच्या अंतरानं, आणि तरी पुढचं कुणी सांगू शकत नाही. आई-बापांनी दोन दिवस विचार केला आणि बाळाला घरी आणलं. आमच्यातल्या काहींना ते पटलं नाही. एक सिस्टर मॅडमना म्हणाली, "तुम्ही रागावून का सांगत नाही त्यांना?"

मॅडम म्हणाल्या, "कशाच्या जोरावर रागावू? मला तरी कुठं माहीत आहे काय बरोबर ते?"

खासबागेतून वडगाव जवळच. त्या दर रविवारी त्या घरी जायच्या. मी गेले त्या दिवशी माग चालू होता. यंत्रमागाचा तो खडखडाट इतका, की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. बाळ आईच्या मांडीवर होतं, ओठ गर्द, नखं गर्द. बाप मागाशेजारी उभा. आम्हाला बघून तो ओरडून म्हणाला, "बंद करू काय, मॅडम?"

बाळाच्या आईनंच हात हलवला. "नको. चालू आसला की गप आसतंय. बंद पडला की दचकतंय. पोटात आसल्यापासनं ऐकतंय न्हवं."

मग आम्ही त्या आवाजातच बसलो. मॅडमनी तिला दाखवलं, बाळ फार निळं पडून तळमळायला लागलं तर गुडघे छातीशी दुमडून कसं कवेत धरायचं, म्हणजे जरा आराम पडेल. दूध थोडं थोडं, दमू न देता कसं पाजायचं. तिनं दोन्ही करून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "माझ्यापेक्षा चांगलं जमतंय तुला." बापानं मागावरची अर्धी झालेली साडी दाखवली, हिरवी, लाल काठाची. मॅडमनी चष्मा वर करून काठ बघितला, नक्षी कशी येते ते विचारलं. तो सांगत राहिला. बाळाबद्दल त्यानं एकही प्रश्न विचारला नाही, आणि त्यांनीही स्वतःहून काही काढलं नाही.

बाळ दिवाळीच्या आधी गेलं. मॅडम त्यानंतरच्या रविवारीही तिथं गेल्या. काय बोलल्या, मला माहीत नाही.

सोमवारी ड्यूटीवर आल्या तेव्हा मी चहा घेऊन गेले. म्हणाल्या, "याचं निदान दुःख तरी करता आलं, शोभा. आई-बापांना कळलं काय झालं होतं. पण जी घरीच जातात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आणि लोक म्हणतात नजर लागली, बाहेरचं झालं, आईनं नीट पाजलं नाही, ती किती असतील? ती माझ्या डोळ्यांसमोर येतात. न बघितलेली. त्यांचे चेहरेच नसतात." मग फाइल ओढून घेतली आणि विचारलं, "आज किती जणांना घरी सोडायचंय?"

त्या निवृत्त झाल्या तेव्हा समारंभ करू दिला नाही. दुपारपर्यंत काम केलं, कोट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि गेल्या. नंतर कधीतरी फोन व्हायचा. आई गेल्याचं कळलं, हिंडलग्याला बहिणीकडे राहायला गेल्याचं कळलं. मग माझ्याच घरची दुखणीखुपणी निघाली आणि फोनही मागे पडला.

गेल्या उन्हाळ्यात मी बेळगावपलीकडे मच्छ्याला पुतणीकडे निघाले होते. निपाणीच्या स्टँडवर बेळगावची गाडी लागलेली, आत गर्दी. मला मागं जागा मिळाली. गाडी हलली आणि पुढच्या बाजूला खिडकीशी टेकलेलं एक पांढरं डोकं दिसलं. मी दांड्याला धरत धरत पुढं गेले. त्याच होत्या. निपाणीत कुणाकडे आल्या होत्या, कुणास ठाऊक. बऱ्याच वाळल्या होत्या. तोंड किंचित उघडं, चष्मा नाकावर घसरलेला, हात मांडीवर सैल पडलेले. गाडी खड्ड्यात आपटली तरी त्यांना पत्ता नव्हता. इतकी गाढ झोप मी मोठ्या माणसाची क्वचितच बघितलीय.

कंडक्टर तिकिटं फाडत तिथवर आला आणि त्यांच्या खांद्याला हात लावायला वाकला. "ओ आज्जी, तिकीट."

"अण्णा, थांबा," मी म्हटलं. "उठवू नका. त्यांचं मी काढते. बेळगाव एक द्या."

"बायकास्नी कर्नाटकाच्या गाडीत फुकट हाय की. आधार कार्ड दाखवाय सांगा, झालं."

"त्यासाठी उठवायला लागेल. नको. पैसे घ्या तुम्ही."

त्यानं माझ्याकडे विचित्र बघितलं. "तुमच्या कोन ह्या?"

मी म्हटलं, "आमच्यातल्याच."

त्यानं तिकीट फाडून दिलं. मी ते त्यांच्या बोटांमध्ये अलगद सरकवलं. त्या बेळगावपर्यंत जाणार होत्या की वाटेत कुठे उतरणार होत्या, मला माहीत नव्हतं. ऊन खिडकीतून त्यांच्या तोंडावर यायला लागलं, तेव्हा मी दांडा धरून तिथंच ऊन अडवत उभी राहिले. बेळगावच्या स्टँडवर माझी मच्छ्याची गाडी सुटायला आली होती, म्हणून मला घाईनं उतरावं लागलं. खाली उतरून वळून बघितलं. सगळी गाडी रिकामी झाली होती, खिडकीशी टेकलेलं ते पांढरं डोकं तेवढं अजून तसंच होतं. कंडक्टर दारात उभा होता, आणि ड्रायव्हरला हातानं खूण करत होता, जरा थांब म्हणून.